भावनेला आकार देणारी रेघ

डिसेंबर 1942. नाझींनी व्यापलेल्या चेक प्रदेशातून ज्यू कुटुंबांना तेरेझिनच्या छावणीत हलवलं जात होतं. माणशी 50 किलो सामान नेण्याची मुभा होती. थंडीचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, औषधं यांतलं काय घ्यायचं आणि काय मागे टाकायचं, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे होता. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या 44 वर्षांच्या चित्रकर्तीने त्या तुटपुंज्या वजनातला बराचसा भाग कागद, रंग आणि चित्रकलेच्या इतर साहित्यासाठी राखून ठेवला. छावणीत मुलं असणार आणि त्यांच्या हातांना काहीतरी करायला हवं, हे त्यांना आधीच दिसत होतं.

फ्रीडल यांचा जन्म व्हिएन्नाचा. योहानेस इटेन या नामांकित कलाशिक्षकाच्या त्या विद्यार्थिनी आणि त्याच्याबरोबरच जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत गेलेल्या. पुढची जवळजवळ दोन वर्षं त्यांनी तेरेझिनमध्ये मुलांना चित्रकला शिकवली. ऑक्टोबर 1944 मध्ये त्यांना ऑशविट्झला पाठवण्यात आलं आणि तिथे त्यांची हत्या झाली. जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली होती. युद्धानंतर ती प्रागला पोहोचली आणि आज तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. पण चित्राखाली नाव लिहायचं, हा बाईंचा आग्रह होता. त्यामुळे नावं उरली आहेत.

या चित्रांमध्ये एक गोष्ट सहज लक्षात येते. उपासमार, आजार आणि मृत्यू यांनी वेढलेल्या या मुलांनी छावणीची चित्रं काढली, नाही असं नाही. पण फुलं, कुरणं, घरं, टेबलावरची भांडी, फुलपाखरं आणि रंगीत कागदांच्या तुकड्यांची चिकटचित्रं यांची संख्या कितीतरी जास्त आहे. फ्रीडल मुलांना 'तुमची भीती काढा' असं सांगत नसत. त्या हाताच्या हालचालीचा ताल पकडायला लावत, समोर ठेवलेल्या वस्तूकडे नीट बघायला लावत, जुन्या चित्रकारांच्या चित्रांची मांडणी रद्दी कागदांतून पुन्हा रचायला लावत. मूल चूक करतंय असं वाटलं तरी मोठ्यांनी घाईने दुरुस्त करू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

कलेविषयी आपला नेहमीचा समज असा असतो, की मनात साठलेलं कला बाहेर काढून टाकते आणि माणूस हलका होतो. समज पूर्ण चुकीचा नाही, पण त्यात महत्त्वाचा अर्धा भाग सुटतो. कला भावनेला वाट देते त्याहून अधिक ती भावनेला आकार देते. चित्र काढताना हे जसं होतं, तसं चित्र बघतानाही होतं. आणि सर्जनशीलता नावाची जी गोष्ट आपल्याला दैवी देणगी वाटते, तीही याच आकार देण्याच्या कामात घडत जाते.

मोकळं होणं आणि सावरणं

अमेरिकेतल्या जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. लोकांना आधी एखादी दुःखद आठवण जागी करायला सांगायचं, किंवा दुःखद चित्रपट दाखवायचा. मग काहींनी त्या दुःखाचंच चित्र काढायचं आणि काहींनी त्याच्याशी संबंध नसलेलं काहीतरी. त्यानंतर मनःस्थिती कोणाची अधिक सुधारली? दुःखाशी संबंध नसलेलं चित्र काढणाऱ्यांची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांनाही त्यांनी निराश करणारा एखादा प्रसंग आठवायला लावला. नंतर तोच प्रसंग रेखाटणाऱ्या मुलांपेक्षा साधं घर काढणारी मुलं जास्त सावरलेली दिसली.

घर काढायचं म्हणजे भिंत कुठे, दार केवढं, छपराचा उतार किती, हे ठरवावं लागतं. प्रत्येक रेघ हा एक छोटा निर्णय असतो. ज्या प्रसंगाने मन खचलं त्यात मुलाच्या हातात काही नव्हतं. कागदावर मात्र सगळं त्याच्या हातात आहे. दुःखातून मन काही काळ बाजूला निघतं आणि बाजूला निघालेलं मन पुन्हा त्या दुःखाकडे जातं तेव्हा थोडं अधिक स्थिर असतं.

मग दुःखाकडे बघूच नये का? तसंही नाही. टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांची विद्यार्थिनी सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितलं. लिहून झाल्याबरोबर ही मुलं अधिक उदास झाली. पण त्यांच्यापैकी ज्यांनी घटना आणि भावना दोन्हींबद्दल लिहिलं होतं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पेनबेकर यांच्या नंतरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारणांचा आणि उमजण्याचा धागा दिसू लागला, त्यांना लिहिण्याचा लाभ अधिक झाला. तीच तक्रार त्याच शब्दांत रोज उगाळणाऱ्यांना तेवढा झाला नाही. म्हणजे दुःख बाहेर पडलं एवढ्याने भागलं नाही, त्याची गोष्ट बनावी लागली.

फ्रीडल यांची एक विद्यार्थिनी होती एडिथ क्रेमर. प्रागमध्ये निर्वासित मुलांना शिकवताना तिने त्यांना मदत केली होती. ती 1938 मध्ये न्यूयॉर्कला गेली, तिथे तिने अडचणीत सापडलेल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं आणि आज जगभर जिला 'आर्ट थेरपी' म्हणतात त्या शाखेच्या आद्य उभारणीत तिचं नाव घेतलं जातं. क्रेमर यांचा भर शेवटपर्यंत एकाच गोष्टीवर राहिला. चित्राचं नंतर काढलेलं विश्लेषण दुय्यम. चित्र नीट पूर्ण करणं, मातीचं भांडं तडा न जाता उभं करणं, हेच मुलाला सावरतं.

शरीरही याला साथ देताना दिसतं. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, स्केचपेन आणि कोलाजचं साहित्य देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक मोजलं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे 75 टक्के लोकांमध्ये ते कमी झालेलं आढळलं. अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण त्यातली एक नोंद मोलाची आहे. पूर्वी कला शिकलेल्यांना आणि कधीच ब्रश न धरलेल्यांना झालेल्या फायद्यात ठळक फरक नव्हता. 'मला कुठे चित्र काढता येतं?' ही आपली सगळ्यांची सबब इथे टिकत नाही.

तीन आकार आणि एक जग

सर्जनशीलतेचा विचार करायला पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांइतकी चांगली जागा दुसरी क्वचितच असेल. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो लिहायचा मान सवाशिणींचा. चौकाच्या आत पालघाट देवी. लग्न लावणारी स्त्री, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणते आणि चौक पुरा झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. सगळा पसारा त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन या तीन आकारांवर उभा. रंग एकच, पांढरा. ब्रश म्हणजे टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी.

इतक्या कमी साधनांत काय काय होऊ शकतं, हे जिव्या सोमा म्हशे यांनी दाखवलं. त्यांच्या बालपणाची कथा अशी सांगितली जाते, की आई गेल्यावर लहानग्या जिव्याने बोलणं सोडलं आणि तो मातीत रेघोट्या ओढूनच आपलं म्हणणं सांगू लागला. पुढे बायकांच्या हातची ही विधीतली कला त्यांनी आपलीशी केली. 1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांचा हात ओळखला, कागद पुरवला आणि भिंतीवरची ही कला शहरांतल्या दालनांपर्यंत पोहोचली. 1989 मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या 'माजिसियाँ द ला तेर' या प्रदर्शनात जिव्या म्हशे यांची चित्रं होती. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले.

त्यांनी रंगवलेलं मासेमारीचं जाळं बघावं. अख्खा कागद बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी भरलेला असतो. त्रिकोणी माणसं अगदी छोटी, पण पकडलेला दोर, वाकलेली कंबर आणि पायांवरचा जोर एकूण एक कळतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस होतो. त्यांचा तोल जरासा कलला की तोच माणूस नाचू लागतो, पळू लागतो किंवा ओझ्याने वाकतो. तीन आकारांची मर्यादा त्यांना आड आली नाही. आकार ठरलेले होते म्हणून त्यांचं सगळं लक्ष हालचालीवर राहिलं. नवं काही सुचायला अमर्याद मोकळीक लागते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कोरा कागद आणि 'काहीही काढ' ही सूचना भल्याभल्यांना गोठवते. ठरलेली चौकट हाताला सुरुवात करून देते.

नक्कल करण्याचंही असंच आहे. नक्कल केली की कल्पनाशक्ती मरते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. जपानमधल्या ताकेशी ओकादा आणि केंतारो इशिबाशी यांनी कलेचं शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांवर काही प्रयोग केले. काहींना एखाद्या चित्रकाराच्या अपरिचित शैलीतली चित्रं हुबेहूब उतरवायला लावली आणि मग स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. ही मुलं पुढे जी चित्रं काढू लागली ती, नक्कल न केलेल्यांच्या चित्रांपेक्षा, परीक्षकांना अधिक सर्जनशील वाटली. दुसऱ्याच्या हाताने जग कसं पाहिलं हे स्वतःच्या हाताने गिरवलं, की आपल्या डोक्यातल्या ठरीव आकारांची पकड सैल होते. आपल्या गायकीत शिष्य वर्षानुवर्षं गुरूच्या मागे गातो आणि मगच त्याचा स्वतःचा सूर उमटतो, त्यामागे हेच शहाणपण असावं.

बघणं हेही काम आहे

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात, हे मोजलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सरासरी निघाली 27.2 सेकंद, निम्म्या लोकांनी तर 17 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ दिला. आणि ही चित्रं जगप्रसिद्ध होती. अजिंठ्याला सुट्टीच्या दिवशी गेलं तर वेगळं काही दिसत नाही. गर्दी आत येते, पद्मपाणी बघितला असं म्हणते आणि पुढच्या लेण्याकडे निघते.

त्याच अजिंठ्यात दीडशे वर्षांपूर्वी बघण्याचा एक वेगळा प्रयोग झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून पुढची तेरा वर्षं, अधूनमधून खंड पडत, आपल्या विद्यार्थ्यांकडून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या चमूत होते. अंधाऱ्या लेण्यात, झिजलेल्या रंगांपुढे, एकेका आकृतीसमोर दिवसच्या दिवस बसायचं. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी कितीतरी 1885 च्या आगीत जळाल्या. पण त्या बघण्याचा एक परिणाम जळाला नाही. युरोपीय पद्धतीने शिकणाऱ्या हातांना इथली रेषा, इथली देहबोली कळू लागली होती. पेस्तनजींच्या पिढीपासून मुंबईच्या चित्रकारांना मागे वळून बघायला अजिंठा होता.

ग्रिफिथ्स यांना विशेष भावलं ते 16 व्या लेण्यातलं एक चित्र. पती नंद याने संन्यास घेतल्याची बातमी आली आहे, सेवक त्याचा मुकुट घेऊन उभा आहे आणि ती ऐकून सुंदरी कोसळते आहे. तिची मान ढळलेली, डोळे अर्धवट मिटलेले. दासी तिला सावरताहेत. पूर्वी हे चित्र 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून ओळखलं जाई. भाव आणि कथनाची स्पष्टता यांत कलेच्या इतिहासात याला तोड नाही, अशा आशयाचं मत ग्रिफिथ्स यांनी नोंदवलं.

दुसऱ्याचं इतकं दुःख बघायला आपण पैसे आणि वेळ खर्चून का जातो? रसिकाला त्यातून समाधान का मिळतं? या प्रश्नाचा जितका सूक्ष्म विचार आपल्या परंपरेत झाला, तितका क्वचितच कुठे झाला असेल. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांची मांडणी आहे. शांत हा नववा रस पुढच्या आचार्यांनी, विशेषतः काश्मीरच्या अभिनवगुप्ताने, ठामपणे उभा केला. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगभूमीवरचा शोक हा त्या पात्राचा राहत नाही, नटाचा राहत नाही आणि माझा खासगी शोकही राहत नाही. तो मालकी सुटलेला, सगळ्यांचा शोक होतो. म्हणून तो आपल्याला चिरडत नाही. आपण त्याची चव घेऊ शकतो. 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी चार पिढ्या रडल्या आणि तरी पुन्हा तिकीट काढून गेल्या, ते याच कारणाने.

2017 मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या विनफ्रीड मेनिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी जवळपास हाच प्रश्न आधुनिक मानसशास्त्राच्या भाषेत सोडवायचा प्रयत्न केला. त्यांच्या मते कला आधी एक अंतर निर्माण करते: हे चित्र आहे, हे नाटक आहे, मला धोका नाही. ते अंतर मिळाल्यावर दुःख, भीती, किळस यांसारख्या भावना अनुभव अधिक उत्कट करायला उपयोगी पडतात. साधारणीकरण आणि हे अंतर या दोन कल्पना तंतोतंत एक नाहीत, पण एकाच सत्याकडे दोन बाजूंनी जातात. भावनेत बुडून न जाता तिच्याजवळ जाण्याची सोय कला करते.

चित्र बघताना मेंदूत काय घडतं, याचाही थोडाफार माग लागला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात एडवर्ड व्हेसल आणि सहकाऱ्यांनी 16 जणांना 109 चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या; हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण आठवणींत रमतो, स्वतःविषयी विचार करतो तेव्हा मेंदूचे काही भाग मिळून सक्रिय असतात. बाहेरच्या गोष्टीकडे लक्ष दिलं की ते सहसा शांत होतात. 'बरं आहे', 'चांगलं आहे' असं वाटलेल्या चित्रांच्या वेळी ते शांतच होते. ज्या मोजक्या चित्रांनी बघणाऱ्याला खोलवर हलवलं, त्यांच्या वेळी मात्र ते वेगळे वागले. आणि ही हलवणारी चित्रं प्रत्येकाची निराळी होती. बाहेर बघताना आत काहीतरी हललं, असा आपला अनुभव असतो. त्याला इथे एक आधार मिळतो.

बघण्याचा सराव कामालाही येतो. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन यांना जाणवलं, की वैद्यकीय विद्यार्थी रुग्णाकडे नीट बघतच नाहीत. चटकन निदानावर उडी मारतात. येलच्याच कलासंग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलेंडर यांच्यासह त्यांनी या विद्यार्थ्यांना चित्रांपुढे उभं केलं. अर्थ लावायचा नाही, आधी दिसतंय तेवढं सांगायचं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रुग्णांची छायाचित्रं वर्णन करताना या विद्यार्थ्यांचं निरीक्षण इतरांपेक्षा सुधारलेलं होतं.

हात आणि नजर

बघणं आणि करणं यांत अधिक परिणामकारक काय? जर्मनीत अ‍ॅन बोल्वेर्क आणि सहकाऱ्यांनी निवृत्तीच्या वयातल्या 28 जणांचे दोन गट केले. दहा आठवडे एका गटाने चित्रं काढली, दुसऱ्याने संग्रहालयात कलाकृती बघून त्यांवर चर्चा केली. मेंदूच्या भागांमधल्या जोडणीत आणि मनाच्या चिवटपणात सुधारणा दिसली ती चित्रं काढणाऱ्या गटात. 28 माणसं म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण अजिंठ्यात प्रतिकृती करणाऱ्यांनी जे केलं, त्यात बघणं आणि करणं एकाच वेळी होतं, आणि मला तोच सर्वांत चांगला मार्ग वाटतो. चित्रापुढे उभं राहून वहीत त्यातली एक रेघ जरी उतरवली, तरी 27 सेकंदांत न दिसलेलं बरंच काही दिसू लागतं.

इथे एक सावधगिरी हवी. खोल नैराश्य, आत्महत्येचे विचार किंवा मोठा मानसिक आघात यांवर रंगांची पेटी हा उपचार नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. प्रशिक्षित माणसाच्या हाताखालची आर्ट थेरपी त्या उपचाराला साथ देऊ शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

बाकी सगळ्यांसाठी सुरुवात सोपी आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास, फोन दूर ठेवून, समोरची एखादी वस्तू काढावी: पाण्याचा तांब्या, कढीपत्त्याची डहाळी, स्वतःचा डावा हात. चित्र कोणाला दाखवायचं नाही, चांगलं येण्याची अट नाही. प्रदर्शनात गेलं तर सगळी दालनं पालथी घालण्यापेक्षा एकच चित्र निवडून त्यापुढे दहा मिनिटं थांबावं. आधी फक्त काय दिसतंय ते मनाशी म्हणावं, काय वाटतंय ते नंतर.

महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी शाळेत इलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या आहेत. त्यांतले वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे पेपर आठवा. समोरचं नीट बघणं, बघितलेलं मनात धरून ठेवणं आणि त्यातून नवी रचना करणं, हे सगळं त्यांत होतं. भावना सावरायला आणि नवं सुचायला ज्या सवयी लागतात, त्या आपण मुलांना शिकवत होतो. पण प्रमाणपत्र हाती आलं की पेन्सिल ठेवली जाते, आणि अभ्यासक्रम मागे पडला की शाळेत सर्वांत आधी बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. स्वतःच्या मनाला आकार देण्याचं एक साधन आपण अशा रीतीने मुलांच्या हातून काढून घेतो. वेळापत्रकात हा तास गणित-विज्ञानाइतकाच हक्काचा असायला हवा, आणि शाळा संपली म्हणून तो संपायला नको.